उरलेले तीस

काशी हे मरणाचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. देह ठेवण्यासाठी देशभरातून माणसे येथे येतात, मणिकर्णिकेची आग विझत नाही, आणि येथे आलेल्या मृत्यूला मोक्ष म्हणण्याची रीत आहे. परंतु बरे होण्याच्या विद्येशीही या गावाचे जुने नाते आहे, हे फारसे कोणी आठवत नाही. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना जी विद्या सांगितली ती सुश्रुतसंहिता, असे तो ग्रंथच सांगतो. त्यात प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत : एक जन्माबरोबर आलेला आणि दुसरा अपथ्यातून ओढवलेला. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेने नोंदवून ठेवले आहे. इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सनने असे मूत्र आटवून त्यातली साखर दाखवली ती १७७६ साली. मुंग्यांना ती त्याच्या कितीतरी शतके आधीपासून ठाऊक होती.

आणि हे गाव गोड खाणाऱ्यांचेही आहे. सकाळी कचोरीबरोबर जिलेबी, रात्री रबडी, आणि हिवाळ्यात दवात ठेवलेल्या दुधाच्या फेसाची मलइयो. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घरांनी त्यात आपल्या पुरणपोळीची आणि श्रीखंडाची भर घातली. अशा गावात मधुमेह हा परका पाहुणा नसतो. तो घरचाच होऊन राहतो आणि घरातल्यांसारखाच दुर्लक्षिला जातो.

आमच्या घरी वैद्यकी माझ्या काकांकडे होती. वडिलांचे हे धाकटे भाऊ. त्यांच्या खोलीत भिंतीतल्या फडताळावर चिनी मातीच्या बरण्या असत आणि प्रत्येकीवर मोडीवळणाच्या अक्षरात नाव चिकटवलेले असे. जांभळाच्या बियांची पूड, मेथी, सुकवलेले कारले, हळद, आवळा. शेजारी वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधिसंग्रह’, पाने सुटलेला. आम्हा मुलांना काकांच्या खोलीचे खरे आकर्षण होते ते गुडमारीच्या पाल्याचे. एक पान चावायला देऊन काका वर चमचाभर साखर जिभेवर ठेवीत. साखर वाळूसारखी लागे. आम्ही तोंडे वाकडी करीत असू आणि काका हसत. मग गंभीर होऊन ते म्हणत, “जिभेवरची साखर मेली म्हणून रक्तातली मेली, असं समजू नये बरं का.” त्या वाक्याचा अर्थ मला कळायला वीस वर्षे लागली.

त्याच फडताळावर एक लाकडी पेला होता. विजयसाराचा, म्हणजे आमच्या कोकणात ज्याला बिबला म्हणतात त्या झाडाच्या लाकडाचा. रात्री त्यात पाणी भरून ठेवावे, सकाळी ते तांबूस झालेले असते, ते रोग्याने प्यावे. बनारसच्या गोला दीनानाथच्या बाजारात मसाल्यांच्या पोत्यांशेजारी जडीबुटीचे व्यापारी बसतात, तेथे हे लाकूड मिळे. ते घेताना काका नखाने खरवडीत, वास घेत आणि पुष्कळदा परत ठेवून देत. एकाच नावाखाली किती वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, यावर ते तासभर बोलू शकत.

१९९३ साली आईच्या पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच महिनाभर भरून येईना, तेव्हा तिचे रक्त तपासले गेले. साखर वाढलेली होती आणि ती केव्हापासून, हे कोणीच सांगू शकले नसते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आईने त्या निमूट घेतल्या. पण जोडीला रोज सकाळी पाच बेलाची पाने वाटून त्यांचा रस घ्यायला सुरुवात केली. बेल विश्वेश्वराचा, गाव विश्वेश्वराचे. जे पान देवाला चालते ते देहाला अपाय करणार नाही, एवढी साधी तिची तर्कसंगती होती.

मी तेव्हा रसायनशास्त्र शिकून वनौषधींच्या अर्कांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. योगायोग असा, की माझ्या वाट्याला आलेली वनस्पतीही बेलच होती. आईला हे कळले तेव्हा तिने एकच अट घातली : सोमवारी पाने तोडायची नाहीत. ती अट मी पाळली. प्रयोगाच्या दृष्टीने सोमवार आणि मंगळवार यांत काही फरक नव्हता, आईच्या दृष्टीने होता. जेथे शास्त्राचे काही बिघडत नाही तेथे आईचे मोडू नये, असे मला वाटले.

अर्क काढणे हे बाहेरून वाटते तसे नाट्यमय काम नाही. ते बरेचसे स्वयंपाकासारखे आहे. फक्त येथे हाताच्या अंदाजाला जागा नसते. आधी फांदी वनस्पतिशास्त्रज्ञाकडे न्यायची, त्याने ती ओळखायची, आणि तिचा एक नमुना दाबून, वाळवून, क्रमांक घालून जपून ठेवायचा. पुढे कोणी शंका घेतली तर हे पान कोणत्या झाडाचे, हे दाखवता आले पाहिजे. मग पाने सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर रंग जातो आणि रंगाबरोबर आणखी काय जाते ते सांगता येत नाही. भरड पूड करून ती काचेच्या उपकरणात कागदाच्या नळीत भरायची. खाली द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने पुडीवर पडते, भांडे भरले की आपोआप खाली उतरते आणि पुन्हा उकळू लागते. पहिल्याने पेट्रोलियम ईथर, तो तेलकट भाग नेतो. मग अल्कोहोल, मग पाणी. प्रत्येक द्रावक पानातून आपल्याला मानवेल तेवढेच उचलतो. शेवटी द्रावक निर्वातात उडवून दिला की तळाशी काळपट हिरवा, चिकट, कडसर वासाचा लेप उरतो. पोतेभर पाल्याचे एवढेच उरते. पण ते पानातले सर्वस्व नसते. ते केवळ त्या द्रावकाने उचललेले असते. आई वाटत होती तो रस आणि माझ्या बाटलीतला लेप यांचे नाव एक होते, वस्तू एक नव्हती.

प्राण्यांचे काम मला जड गेले. पांढऱ्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य टोचतात. ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळते आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. ते बर्फात ठेवलेल्या द्रावणात विरघळवून लगेच टोचावे लागते, नाही तर त्याची शक्ती जाते. पहिल्या रात्री उंदरांना साखरेचे पाणी ठेवावे लागते, कारण मरणाऱ्या पेशी आपले सगळे इन्शुलिन एकदम सोडून देतात आणि उंदीर साखर उतरून दगावतात. तीन दिवसांनी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन पाहायचे. ज्यांची साखर चढली ते मधुमेही. मग गट पाडायचे : निरोगी, आजारी पण औषध न दिलेले, नेहमीची गोळी दिलेले, आणि अर्काच्या लहान-मोठ्या मात्रा दिलेले. काही दिवसांतच आजारी गटांचे पिंजरे ओले राहू लागत, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत. आणि एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मुंग्यांची रांग दिसली. दुसऱ्या दिवशी मी मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, घरी आई फडताळाखाली ठेवत असे तशा. चरकाचा उल्लेख मी पुस्तकात वाचला होता. तो तेथे माझ्या पायाशी चालत होता.

तीन आठवड्यांनी आकडे मांडले. अल्कोहोलच्या अर्काने साखर उतरली होती. निरोगी उंदरांइतकी नाही, गोळीइतकीही नाही, पण औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत स्पष्टपणे कमी. मला आनंद झाला आणि तो आनंद मी घरी नेला, हे स्वाभाविक होते. आईने विचारले, “म्हणजे माझं बरोबर होतं?”

या प्रश्नाचे उत्तर देणे हेच माझ्या कामाचे सर्वांत कठीण अंग होते. उंदराला मी जी मात्रा दिली ती त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड होती. त्याच्या पेशी मी विषाने मारल्या होत्या. आईच्या शरीरात इन्शुलिन होते, पण त्याचा शब्द चालत नव्हता. उंदराला सणवार नव्हते, उपास नव्हते, मुलीच्या लग्नाची काळजी नव्हती. उंदरापासून आईपर्यंतचे अंतर एका उडीत ओलांडता येत नाही. त्या वाटेवर मात्रा ठरवायची असते, यकृत आणि मूत्रपिंड यांना अपाय होत नाही ना ते पाहायचे असते, आणि मग माणसांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, पारख करायची असते. बहुतेक वनस्पती या वाटेच्या पहिल्याच वळणावर थांबलेल्या आहेत. उंदरांवर गुण दाखवलेल्या पाल्यांची यादी लांब आहे. माणसांवर नीट पारखलेल्यांची फार थोडी.

त्या काळात मी या वाटेचा इतिहास वाचू लागले, आणि त्यात आपली माणसे भेटत गेली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे लष्करी डॉक्टर आणि मराठी कवी. त्यांनी अलाहाबादच्या मेजर बामनदास बसूंबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा जो थोर ग्रंथ सिद्ध केला, तो १९१८ साली अलाहाबादेत छापला गेला, कीर्तिकरांच्या निधनानंतर. त्याची पुढची आवृत्ती सुधारणाऱ्यांत म्हसकर आणि कायुस ही नावे आहेत. याच दोघांनी १९३० साली गुडमारीवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा पाला स्वादुपिंडाला चेतवून अप्रत्यक्षपणे साखर उतरवतो, असे अनुमान मांडले. काकांच्या खोलीतला तो खेळ एवढ्या गंभीरपणे कोणी तपासला होता, हे वाचून मला अभिमान वाटला. जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर यांतला भेद त्यांनी बरोबर ओळखला होता.

दूरच्या गोष्टी आणखी विलक्षण होत्या. युरोपात गॅलेगा नावाचे एक शेंगवर्गी झुडूप आहे. त्यातले गॅलेगिन साखर उतरवते, पण ते विषारी. त्याच्याच कुळातले मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले. पॅरिसच्या झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेह्यांना दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेत ते बाजारात यायला १९९५ साल उजाडले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन निघाले. त्याच्या धाग्याने गेलेल्या संशोधनातून मूत्रावाटे साखर बाहेर टाकणारी औषधे आली ती एकविसाव्या शतकात. म्हणजे जे पाले खरोखर औषध झाले ते पालेपण टाकूनच झाले. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते थोडे दुखावले. मग म्हणाले, “धान्यसुद्धा धान्यपण टाकूनच भाकरी होतं.”

आई मात्र स्वतःच्या मार्गाने निघाली. मी तिला बेनेडिक्टची परीक्षा शिकवली होती. निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, मूत्राचे आठ थेंब टाकायचे, उकळत्या पाण्यात धरायचे. निळेच राहिले तर उत्तम; मग हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे तांबडे. ही परीक्षा ढोबळ आहे, रक्तातली साखर बरीच चढल्याखेरीज ती काही सांगत नाही; पण घरातल्या स्टोव्हवर होते. आईने एक शाळकरी वही घेतली. तिथी, रंग, आणि तिसरा रकाना : ‘बेल घेतला’ किंवा ‘बेल नाही’. एक महिना घ्यायचा, एक महिना सोडायचा, गोळ्या तशाच चालू. ही कल्पना तिचीच. मी फक्त तुलनेचा गट म्हणजे काय ते तिला जेवताना सांगितले होते. असे वर्षभर चालले. कार्तिकाच्या पानावर तिने आडवी रेघ मारून लिहिले होते, “हा महिना धरू नये. दिवाळी होती.” श्रावणाच्या पानावर : “उपास फार. हाही नको.” प्रयोगात दुसऱ्याच कारणांची सरमिसळ होऊ नये म्हणून विद्यार्थ्यांना जे पुनःपुन्हा सांगावे लागते ते तिला आपल्या पंचांगाने शिकवले होते.

वर्षाअखेर आम्ही दोघींनी रंग मोजले. बेलाचे महिने आणि बिनबेलाचे महिने यांत काही फरक दिसला नाही. आई बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मी म्हटले, “एका माणसावरून ठरत नाही गं.” ती म्हणाली, “ते खरं. पण माणूस मीच आहे ना?”

१९९८ साली विजयसाराचा अहवाल आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत नव्याने मधुमेह आढळलेल्या रोग्यांना या झाडाचा अर्क दिला होता. बारा आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. मी तो काकांना वाचून दाखवला. लाकडी पेला त्यांच्यासमोरच होता. मला वाटले, ते तो उचलून कपाळाला लावतील. त्यांनी विचारले, “उरलेल्या तिसांचं काय?”

मी सांगितले, की चौघांची साखर फार चढल्यामुळे त्यांना अभ्यासातून काढून घ्यावे लागले. आणि हेही, की या पारखेत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नवे रोगी केवळ पथ्यानेही काही प्रमाणात सुधारतात. काकांनी मान हलवली. याच परिषदेने क्षारसूत्राची पारख केली होती. सुश्रुताने सांगितलेला आणि हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा वापरात आणलेला तो औषधी दोरा भगंदरावर शस्त्रक्रियेच्या शेजारी ठेवून पाहिला गेला. १९९१ च्या त्या अहवालात जखम भरायला दोऱ्याने अधिक दिवस लागले, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी निघाले. “त्याला म्हणायचं तोलणं,” काका म्हणाले. “तागडीला दोन पारडी लागतात.”

पुढच्याच वर्षी आईच्या गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी इन्शुलिन घ्यायला सांगितले. आई सुईला भ्याली नाही. सुई म्हणजे शेवट, असे मात्र तिच्या मनाने घेतले होते. नात्यातल्या एकीने सुई सोडून कोणाचीतरी पुडी धरली होती आणि ती तीन आठवड्यांत बेशुद्ध होऊन गेली होती. ते आईने पाहिलेले होते. तरीही तिने काकांना विचारले, “भावजी, मी विजयसाराचं पाणी घेते. त्या ६७ जणांना उतार पडला ना?”

माझ्या पोटात कालवाकालव झाली. काकांचा शब्द आमच्या घरी शेवटचा असे आणि विजयसारावर त्यांचा जन्मभर विश्वास होता. ते म्हणाले, “वहिनी, ते सगळे नवे रोगी होते. तुमचं दुखणं सहा वर्षांचं आहे. आणि समजा, तुम्ही त्या उरलेल्या तिसांतल्या निघालात तर? मी आणखी एक वहिनी कुठून आणू?” थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे, ते म्हणाले, “चरकांनी मधुमेहाला असाध्य म्हटलं. त्यांच्या हाती ही सुई असती तर त्यांनी ती कुठल्या मुलुखातून आली ते विचारलं नसतं.”

त्या संध्याकाळी आईने पहिली सुई घेतली. टोरंटोत १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले, ही हकीकत मी तिला सांगितली. तिने त्या मुलाच्या आईची चौकशी केली. आमच्या भागात वीज वरचेवर जाई. म्हणून इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूत बसवलेल्या माठात ठेवण्याची जबाबदारी काकांनी घेतली. आई पुढे चौदा वर्षे जगली. काका तिच्या आधी गेले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर आहे. एवढ्या मोठ्या दुःखाभोवती पुड्या विकणाऱ्यांचा बाजार भरणारच. माझ्याकडे माणसे अजून येतात आणि विचारतात, कोणता पाला घ्यावा? पाल्याची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. त्याच पाल्यांवर मी आयुष्य घालवले आहे, आणि उद्या त्यांतूनच एखादे मेटफॉर्मिन निघणार नाही असे कोण म्हणेल? पण किती जणांना गुण आला हे सांगणाऱ्याला मी काकांचा प्रश्न विचारते. गुण न आलेल्यांची मोजदाद ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे औषध नाही, फक्त आशा आहे. परीक्षा म्हणजे वनस्पतीवरचा अविश्वास, असे पूर्वी मला कोणी म्हटले तर मी वाद घालत असे. आता घालत नाही. परीक्षा त्या तिसांसाठी असते, एवढेच सांगते. त्यांना कोणीतरी वेळेवर दुसऱ्या दाराशी नेऊन पोचवावे लागते.

आईच्या वह्या माझ्याकडे आहेत. सुई सुरू झाल्यावर दुसऱ्या रकान्यात रंगांऐवजी इन्शुलिनची मात्रा येते. तिचे अक्षर हळूहळू मोठे आणि कापरे होत जाते. तिसरा रकाना तिने कधी बंद केला नाही. तेथे पूर्वी ‘बेल घेतला’ असे, तेथे शेवटच्या वहीपर्यंत ‘बेल वाहिला’ असे लिहिलेले आहे.